खुर्ची ड्यूटी

४ जून, गुरुवार
दुपारची चहाची सुट्टी

प्रिय मुंगे,

तू, आई आणि धाकटा सुखरूप असाल असं धरून चालते. आईंचे गुडघे काय म्हणतात? धाकट्याला आता मिशा फुटल्या असतील, माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो अजून दाराआड उभा राहून "ताई, तुझी उंच मैत्रीण आली!" असं ओरडतोय. इकडे मी बरी आहे. वजन वाढलंय, केस गळताहेत, तेव्हा एकूण बेरीज तेवढीच.

सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. फोन करायला हात धजला नाही. तुझा नंबर आहे माझ्याकडे. दर वाढदिवसाला काढते, बघते आणि ठेवून देते. कागद बरा. तो मध्येच "कोण बोलतंय?" असं विचारत नाही.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? कामाचं आधी सांगते. मी आपल्याच नर्सिंग कॉलेजात शिकवते, पहिल्या वर्षाच्या मुलींची प्रात्यक्षिकं घेते. हसू नकोस. माझं पहिलं इंजेक्शन गादीत गेलं होतं हे इथे कुणाला माहीत नाही, आणि तू सांगायची नाहीस. तर, साथीच्या काळात ज्यांचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं त्यांना एक शेवटची संधी मिळतेय. सहा महिने वॉर्डात काम आणि मग परीक्षा. अर्जाची मुदत तीस जून. कॉलेजाने त्या दोन-तीन वर्षांतल्या अकरा जणींना पत्रं पाठवली. नऊ जणींनी होकार कळवला, एकीचा पत्ता सापडला नाही, आणि अकरावी तू, आपल्या वर्गातली एकटीच. तुझं उत्तर मोठ्या मॅडमनी काल माझ्या हातात ठेवलं, "फाइलला लाव" म्हणून. एकच ओळ होती. "ज्या हातांनी घरात आजार नेला, त्या हातांनी मी पुन्हा कुणा पेशंटला शिवणार नाही." खाली सही.

मी ते फाइलला लावलं नाही. ते अजून माझ्या पर्समध्ये आहे.

असं लिहू नये ग. आपल्याला शिकवताना चिमटा सिस्टर काय म्हणायच्या आठवतं? रिटायर झाल्या त्या दोन वर्षांपूर्वी. निरोपाच्या दिवशीसुद्धा फुलांचा गुच्छ दोन बोटांच्या टोकांनी असा धरला होता की कापसाचा बोळाच उचललाय. तुझ्याबद्दल त्या म्हणायच्या, "ही एकटी नर्स होणार. बाकीच्या तुम्ही सगळ्या पास होणार." आणि झालंही तसंच, आम्ही सगळ्या पास झालो.

मामा अजून आहे. तोच आपला सरावाचा पुतळा, डावा कान तुटलेला. आपल्या वर्गाने त्याच्या दंडाची चाळण केली होती, म्हणून आता नवा दंड बसवलाय. एक हात गोरा, एक काळपट. हल्लीच्या मुली त्याला "सर" म्हणतात, मी मामाच म्हणते. परवा एकीने त्याच्या नाकात नळी घालताना हळूच विचारलं, "दुखतंय का?" सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मला हसू आलं नाही. तूही विचारायचीस. "मामा, थोडं टोचेल हं," असं म्हणून मगच सुई. आणि आपला आठवड्याचा ठरलेला अबोला! तोंडं दोन दिशांना, पण काम तर अडायचं, मग मध्यस्थ मामा. "मामा, तिला सांगा, कात्री इकडे दे." "मामा, तिला सांगा, नीट मागितलं तर जीभ झिजत नाही." एकदा चिमटा सिस्टरांनी मागे उभं राहून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "मामा, दोघींना सांगा, बाहेर व्हा."

तुझ्या अण्णांची फार आठवण येते. आपल्या अख्ख्या वर्गाचे गणवेश त्यांनी शिवले. इतर मुलींची मापं उभ्याने घेतली, माझ्यासाठी स्टुलावर चढले. वरून म्हणाले, "ही पोरगी अजून वाढतेय, शिवणीत दोन बोटं माया सोडतो." आणि कुणाला न सांगता प्रत्येकीच्या गणवेशाला आतून एक चोरखिसा लावला. तू रागावलीस, कॉलेजाच्या नमुन्यात खिसा नाही म्हणून. ते टेप गळ्यात टाकत म्हणाले, "नमुना काढणाऱ्याला वॉर्डात भूक लागत नसेल. पोरींना लागते. बिस्किटाचा पुडा मावला पाहिजे." माझा तो गणवेश कपाटात आहे. आता अंगात शिरत नाही. माया सगळी उसवून झाली.

मग ते वर्ष आलं. आधी आपली परीक्षा पुढे ढकलली म्हणून आपण पलंगावर उड्या मारल्या होत्या, आठवतं? तेव्हा काय कळत होतं. पंधरा दिवसांत वॉर्डाला माणसं पुरेनात आणि शेवटच्या वर्षाच्या मुलींना बोलावलं. घडी केलेल्या टॉवेलवर शिकलेलं सगळं एकदम जिवंत माणसांवर करायचं. तरी त्या दिवसांतलंही काही काही मला गोड वाटतं, सांगायला लाज वाटते पण वाटतं. पीपीई किट घातल्यावर कोण कुठली ते ओळखू येत नसे, म्हणून तू सगळ्यांच्या पाठीवर मार्करने टोपणनावं लिहायचीस. माझ्या पाठीवर लिहायला तुला टाचा उंच कराव्या लागायच्या. पेशंट आपल्याला त्याच नावांनी हाका मारायचे. "अहो लंबू सिस्टर!" एक आजोबा मरणाच्या दारात हसत होते.

आणि माझी ती खुर्ची! तू चिमटा सिस्टरांकडे माझी चहाडी केलीस आणि मला वॉर्डातून उचलून किट काढायच्या खोलीत बसवलं. समोरची किट काढत असेल तिच्याकडे बघायचं, सात पायऱ्या मोठ्याने सांगायच्या आणि तक्त्यावर सात खुणा करायच्या. मुली मला "खुर्चीताई" म्हणायला लागल्या. मी तुझ्याशी नऊ दिवस बोलले नाही. किती वेड्या होतो आपण. जाऊ दे.

सोबत कोरा फॉर्म जोडला आहे. भरून पाठव, पुढचं मी बघते. नाही म्हणू नकोस.

आईंना नमस्कार, धाकट्याला एक धपाटा.

तुझी,
लंबू

*

११ जून

लंबू,

पत्र पोचलं. आई बरी आहे. एक गुडघा बदलला, दुसरा रांगेत आहे. धाकट्याला मिशा फुटल्या, अक्कल अजून रांगेत आहे. मी अण्णांचं दुकान चालवते. जून म्हणजे शाळांचे गणवेश, मान वर करायला फुरसत नाही. शटर अर्धं ओढून हे लिहितेय.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले. मामाचा काळा-गोरा हात वाचून तर मशीन थांबवून हसले, आई बघायला आली काय झालं म्हणून. अण्णा स्टुलावर चढले होते ते मी पार विसरले होते. ते परत मिळालं, बरं वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना रडू आलं. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की तू सगळं लिहिलंस, फक्त त्या तेवीस तारखेला वळसा घातलास. "जाऊ दे" म्हणून पुढे निघालीस. मी सहा वर्षं कापड कापतेय. कुठला तुकडा कमी आहे ते मला घडी न उलगडता कळतं.

अण्णा गेल्यावर तू एकदाच आलीस. दारातच उभी राहिलीस. मी म्हटलं, "माझ्याच हाताने मी त्यांना मारलं." तू म्हणालीस, "तसं काही नसतं ग," आणि गेलीस. पुढे फोन नाही, काही नाही. मला वाटलं, तिचं बरोबर आहे. जिने स्वतःच्या बापाला आजार नेऊन दिला तिच्याशी कुणी काय बोलायचं? मी तुला कधी दोष दिला नाही, हे तुझ्या डोक्यात राहू दे.

हातांचं विचारू नकोस. कापड कापताना थरथरत नाहीत, सुई ओवताना थरथरत नाहीत. शेजारणीचं बाळ उचलायचं म्हटलं की मी हात धुते. मग परत धुते. मग म्हणते, आत्ता नको, हातात काम आहे. ते बाळ आता चालायला लागलं. मी त्याला अजून उचललेलं नाही.

मशीनवर बसले की मी त्या सात पायऱ्या म्हणते. वरचे ग्लोव्हज, हात, गाऊन, हात, चष्मा, मास्क, शेवटचे हात. वेगळ्या क्रमानेही म्हणून बघते, म्हणजे चूक कुठे झाली असेल ते सापडेल. रोज नवीन सापडते. कधी वाटतं चष्मा आधी काढला. कधी वाटतं हात कमी वेळ चोळले.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता त्या खोलीत आपण दोघीच होतो. सहा तास किटमध्ये होते मी. चष्म्यावर वाफ, डोळ्यांत घाम. मला फक्त एवढं आठवतं की मागची गाठ अडकली होती. मी तुला काहीतरी विचारलं आणि तू म्हणालीस, "पुढची पायरी." म्हणजे गाठ सुटली असणार, नाहीतर तू मला थांबवलं असतंस. आपला अबोला असला तरी कामात तू चोख होतीस. मग मी कुठे चुकले, लंबू? तिसरी की पाचवी? तू बघत होतीस. जगात तू एकटी आहेस जिला माहीत आहे. कितीही वाईट असलं तरी सांग. मला माझी चूक हवी आहे.

ती सांगितलीस तर अर्जाचा विचार करीन. नाहीतर फॉर्म परत पाठवते, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

मुंगी

*

१६ जून, मंगळवार

मुंगे,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. या तीन दिवसांत मी तुला चार उत्तरं लिहिली आणि फाडली. एका उत्तरात मला काही आठवत नव्हतं. एका उत्तरात, देवाशपथ सांगते, मी लिहिलं होतं की तू चष्मा आधी काढलास. तुला चूक हवी होती ना, मग एक छोटीशी देऊन टाकावी, म्हणजे तू अर्ज भरशील, असं मनात आलं. ते वाचून माझीच मला शिसारी आली.

तू कुठेच चुकली नाहीस. मी बघत नव्हते.

आता सगळं लिहिते. मध्ये विनोद केला तर तिथे मी घाबरले आहे असं समज.

खुर्चीपासून सुरू करते, कारण तिथे मी पहिलं खोटं लिहिलं. ती चहाडी नव्हती. सात नंबरच्या बेडवर ते रिटायर झालेले मास्तर होते ना, जे मला रोज सतराचा पाढा विचारायचे आणि मी रोज सतरा नव्वेला अडकायचे? ते माझ्या पाळीत गेले. त्यांची शेवटची आवराआवर मी एकटीने केली, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. त्यांच्या हाताला घड्याळाचा पांढरा पट्टा उमटला होता. तेव्हापासून मला वाटायला लागलं की माझ्या हातांना काहीतरी लागलंय. मी हात धुवायचे. बोटांच्या मधली कातडी सोलली तरी धुवायचे. जेवण ताटात तसंच राहायचं. बाथरूमचा नळ सोडून आत बसायचे, म्हणजे बाहेर आवाज जाऊ नये. तू दार ठोठावून म्हणायचीस, "लंबू, बादली भरून नदी झाली असेल, बाहेर ये." तुला सगळं कळलं होतं. तू मला वाचवायला चिमटा सिस्टरांकडे गेलीस. त्यांनी मला घरी पाठवलं असतं तर वर्ष गेलं असतं, म्हणून तूच त्यांना म्हणालीस की हिला बसून करायचं काही द्या. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा मला फक्त एवढंच दिसलं की माझ्या जिवाभावाच्या मैत्रिणीने मला सगळ्यांसमोर निकामी ठरवलं. तुझे हात वॉर्डात चालत होते आणि माझे मांडीवर पडून होते. तुझा मला इतका राग यायचा की तू पलीकडच्या पलंगावर श्वास घेत होतीस त्याचासुद्धा राग यायचा.

आणि माझे सोललेले हात मी तुझ्यापासून लपवले, ते बघ आता तुझ्याकडे आलेत. तुझ्या पत्रातला बाळाचा मजकूर वाचून मी उठून वर्गाबाहेर गेले. मुलींना वाटलं मॅडमना चक्कर आली.

तेवीस तारीख. तू दोन वाजता आत आलीस. चिमटा सिस्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "खुर्चीवर बसणारीने डोळ्यांत तेल घालून बघायचं. किट काढणारीला स्वतःची पाठ दिसत नाही. तिचे डोळे म्हणजे तुम्ही." मला तुझ्याकडे बघायचं नव्हतं. मी खुर्ची फिरवली, भिंतीवरच्या तक्त्याकडे तोंड केलं आणि पायऱ्या म्हणायला लागले. भिंतीला. पहिली पायरी, दुसरी पायरी. तिसरी गाऊनची. तेव्हा तू बोललीस. नऊ दिवसांचा अबोला तू मोडलास. म्हणालीस, "लंबू, गाठ अडकलीय ग. बघ ना."

तुझा आवाज मला अजून तसाच्या तसा ऐकू येतो. दमलेला होता. त्यात राग नव्हता.

टेबलावर लांब दांड्याची कात्री होती. अडकलेली गाठ खुर्चीवाल्या बाईने कापायची, हा नियम होता. मी उठले असते तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. मला बरं वाटलं, मुंगे. तुला माझी गरज पडली याचं मला बरं वाटलं, आणि मी ते आणखी थोडं ताणलं. तोंड न फिरवता म्हणाले, "पुढची पायरी."

मग कापड ओढल्याचा आवाज आला. मी वळले तेव्हा तू गाऊन डोक्यावरून काढत होतीस. बाहेरची बाजू तुझ्या तोंडावरून घासत गेली आणि मास्क नाकाखाली आला. तू तो वर केलास, आतल्या ग्लोव्हजच्या हातानेच. तुला भान नव्हतं. मी सगळं पाहिलं. आणि मी वळून तक्त्यावर सात खुणा केल्या.

असं काही झालं तर लिहून कळवायचं, आणि त्या मुलीला घरी न सोडता दहा दिवस वेगळं ठेवायचं, हाही नियम होता. मला तो पाठ होता. पण कळवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता की खुर्चीवर बसून तू काय करत होतीस? वॉर्ड झेपला नाही, आता खुर्चीही झेपेना, असं सगळ्या म्हणाल्या असत्या. मला त्या लाजेची भीती वाटली. तुझ्या जिवापेक्षा जास्त वाटली.

त्या संध्याकाळी आपली चौदा दिवसांची पाळी संपली आणि होस्टेलची आपली बाजू रिकामी करायला सांगितली. अण्णा तुला न्यायला आले. मी वरच्या खिडकीत होते. त्यांनी मान वर करून विचारलं, "लंबूबाई, तूही चल की आमच्याकडे, जागा आहे." मी म्हटलं, "नको अण्णा, मी इथेच बरी." तुम्ही फाटकापाशी पोचेपर्यंत मला हाक मारायला वेळ होता. "थांबा, तिला नेऊ नका," एवढंच म्हणायचं होतं. मी खिडकीतून हात हलवला.

तिसऱ्या दिवशी तुला ताप आला. सहाव्या दिवशी अण्णांना. पंधराव्या दिवशी ते गेले. मी दारात आले तेव्हा हेच सांगायला आले होते. वाटेत वाक्य पाठ केलं होतं. तू म्हणालीस "माझ्याच हाताने" आणि माझ्या तोंडाला कुलूप लागलं. तुला दोष घेताना पाहून मला हायसं वाटलं. हे लिहिताना मला स्वतःचं तोंड कुठे लपवावं कळत नाही, पण ते खरं आहे. तुझ्याशी मी बोलले नाही ते तुझ्याबद्दल काही वाटलं म्हणून नाही. तुझ्यासमोर आले असते तर हे सगळं बाहेर पडलं असतं.

एक गोष्ट शिक्षिका म्हणून सांगते. तुला तो आजार त्या खोलीत लागला, की आदल्या दिवशी जेवणघरात, की अण्णांनाच दुकानात एखाद्या गिऱ्हाइकाकडून, हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्या महिन्यात गावभर तो होता. हे मी तुला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण हे सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. पण त्या खोलीत ज्याला चूक म्हणतात ती माझी होती. तू मशीनवर बसून सात पायऱ्या म्हणतेस त्यात ती सापडणार नाही. पाठीवरची गाठ तुला दिसतच नव्हती, आणि जिला दिसायला हवी होती तिला तू विचारलंस. तुझ्या हातांनी जे करायचं ते सगळं केलं.

काल मी हे सगळं लिहून मोठ्या मॅडमना दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढून पदराने पुसला. म्हणाल्या, "सहा वर्षांपूर्वीच्या खुणा आहेत या. आता कोण विचारतंय?"

मी म्हटलं, "ती विचारतेय."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षाला तू काय शिकवतेस?"

"किट काढणं," मी म्हटलं.

माझे तास त्यांनी दुसऱ्या बाईंना दिले आहेत. बाकीचं समिती ठरवेल. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही. मुलींचा मला लळा आहे. पण हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही, उद्या दुसरीकडून ऐकलंस तर तुला वाटायला नको की मी इथेही अर्धंच सांगितलं.

फॉर्मच्या मागच्या पानावर एक चौकट आहे, ती तू पाहिली असशील. "अर्जदार विद्यार्थिनीचं काम मी स्वतः पाहिलं आहे," असं छापलंय आणि खाली एका नोंदणीकृत परिचारिकेची सही लागते. मॅडम आधी म्हणाल्या होत्या, तूच कर, तुझ्याइतकं कुणी पाहिलंय? तिथे मी सही करू शकत नाही. म्हणून आज सकाळी नवीन फॉर्म घेऊन चिमटा सिस्टरांकडे गेले. त्या आता मुलाकडे राहतात, कानाला यंत्र आहे, त्यामुळे सगळं मोठ्याने सांगावं लागलं. सून स्वयंपाकघरातून ऐकत होती. मी तेवीस तारीख पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. संपल्यावर त्यांनी पेन मागितलं, तुझ्या चौकटीत सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "आता तू जा."

मी आले. फॉर्म सोबत आहे. मुदत तीसची आहे, कॉलेजात पाचपर्यंत घेतात. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस, दुकान चांगलं चाललंय, कुणी तुला काही म्हणणार नाही. मला माफ करायचं नसेल तर करू नकोस. फक्त हातांमुळे येत नाही असं पुन्हा कुणाला लिहू नकोस. आणि आधी ते बाळ उचल.

त्या दिवशी जिने पाहिलं नाही, ती
लंबू